सहा डोनट, सहा तक्रारी

२ मार्च

भाचीबाई,

आशीर्वाद शेवटी देईन. आधी भांडण.

काल दुपारी कुरिअरवाला माझ्या दारात एक खोकं ठेवून पळाला. पळाला म्हणजे खरोखर पळाला, सही घ्यायलाही थांबला नाही. उघडून बघते तर आत पोटाला खण असलेलं एक काळंढुस्स यंत्र. सोबतची पुस्तिका बारा भाषांत आहे आणि बाराही भाषांत एकच सांगते, पाण्यात बुडवू नका. मी चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली आहेत, मला यंत्रांची भीती नाही. पण जे यंत्र स्वतःला तळणारं म्हणवतं आणि वर तेल घालू नका म्हणून बजावतं, त्याच्या शब्दावर माझ्यासारखीनं विश्वास ठेवायचा कसा? आणि खोक्यावर तुझं नाव! न विचारता भेट पाठवणं हा उद्धटपणाचाच एक प्रकार आहे, असं आमच्या कॉन्व्हेंटात शिकवत. तुझ्या शाळेत काय शिकवत होते कोण जाणे.

तू म्हणशील, फोन करून झापायचं. फोन मी करणार नाही. एवढी वर्षं लोकांचे आवाज एकमेकांना जोडून दिले. माझ्या आधी माझ्या कानांनी पेन्शन घेतली. शिवाय फोनवर माणूस 'बरी आहे' म्हणून मोकळा होतो. पत्रात तेच लिहायला गेलं की हात अडखळतो.

तर ऐक. तुझ्या बापानं तुला जे सांगितलं ते अर्धं खरं आहे. मी बाथरूमच्या उंबऱ्यावर पडले, हे खरं. अर्धा तास फरशीवर बसून राहिले, हेही खरं, कारण उठता येईना. पण ही बातमी त्याला दूधवाल्यानं द्यावी? दुसऱ्याच दिवशी साहेब डॉक्टरीणबाईंना घेऊन हजर. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, हात छातीशी बांधायला सांगितले आणि घड्याळ काढलं. अर्ध्या मिनिटात हात न टेकता किती वेळा उठता ते बघू, म्हणाल्या. चार वेळा उठले. पाचव्यांदा खुर्चीनंच मला धरून ठेवलं.

दहा हवेत म्हणे. मांड्यांत जीव नाही, प्रोटीन खा, म्हणे. तुझा बाप वीस एप्रिलला परत येणार आहे. दहा झाले तर मी इथे. नाही झाले तर या घराला कुलूप आणि मी तुमच्या मागच्या खोलीत, तुझ्या आईच्या शिवणयंत्राशेजारी. मी आणि तुझी आई! एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, आणि आमच्यातली एकही अजून बोथट झालेली नाही.

यंत्र परत घेऊन जा. अनेक आशीर्वाद.

तुझी आत्या

७ मार्च

आत्या,

नमस्कार आधी, म्हणजे तुला शिकवणीबद्दल बोलायला जागा राहणार नाही.

यंत्र परत घेणार नाही. डॉक्टरीणबाईंनी तुला अंडी, दूध, डाळी, चीज अशी यादी दिली होती. तू त्यावर 'मी आजारी बकरी आहे का' असं विचारलंस, हे बाबांनी सांगितलं. तुला गोड आवडतं हे मला माहीत आहे. म्हणून डोनट. मैद्याचे आणि तळलेले नव्हे, झटपट, पौष्टिक. पंधरा-वीस मिनिटांत होतात आणि दोन खाल्लेस की एका जेवणाचं प्रोटीन पोटात.

आमच्या ऑफिसातल्या एका बाईंची कृती आहे, जशीच्या तशी उतरवते:

एक वाटी ओट्सचं पीठ. डब्यातल्या मापानं दोन मापं प्रोटीन पावडर. पाणी निथळलेलं घट्ट दही, अंदाजाने. एक अंडं. एक पिकलेलं केळं कुस्करून. चमचाभर बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ. सगळं कालवून खोक्यातल्या रबरी साच्यांत भरायचं. एकशे ऐंशीवर बारा मिनिटं. सहा होतात.

सकाळी एक, संध्याकाळी एक. कृपा करून खा, आत्या. बाबा खरंच घाबरलेत. ते मागची खोली रिकामी करायला लागलेत.

तुझी भाची

१२ मार्च

भाचीबाई,

तुझ्या ऑफिसातल्या बाईंना माझा निरोप दे: दही अंदाजाने म्हणजे किती? त्यांच्या अंदाजाने की माझ्या? 'अंदाजाने' हा शब्द मी आयुष्यात एकाच बाईच्या तोंडून इतक्या विश्वासानं ऐकला आहे, आणि ती तुझी आई. तिच्या अंदाजाने एकदा सोळा माणसांसाठी केलेलं सूप चौघांना पुरलं होतं. मी पाचवी होते.

तरी केलं. पीठ हाताला असं चिकटलं की दाराची घंटा वाजली तेव्हा कोपरानं कडी काढावी लागली. साच्यांत भरलं, बटण दाबलं. यंत्र विमानासारखं घोंगावलं आणि बाराव्या मिनिटाला घंटा वाजवून गप्प झालं. बाहेर काढले तर दिसायला अगदी गोंडस. वरून तांबूस, मधोमध भोक, जिथे असायला हवं तिथेच. मी खूश. मग एक हातातून निसटला. भाची, तो फरशीवर पडला आणि उसळून परत टेबलाच्या उंचीपर्यंत आला. मी त्याला झेललं. रबर! त्या बाईंना विचार, त्या आधी टायरच्या कारखान्यात होत्या का?

पण अन्न टाकायचं नाही, ही माझी शिकवण. सहाच्या सहा संध्याकाळपर्यंत संपले. आज परत सहा केले.

आता खरी तक्रार. पाचव्या मजल्यावर एक ट्रॉम्बोनवाला राहायला आला आहे. ट्रॉम्बोन म्हणजे ते लांबच्या लांब पितळी वाद्य, ज्याची नळी पुढे-मागे ओढतात. हा सकाळी नऊला ओढायला लागतो आणि माझ्या पहिल्या मजल्यापर्यंत असा हंबरडा येतो की कुणीतरी गेलं असावं. मी वर जाऊन खडसावून आले. लिफ्ट बंद आहे, सहा आठवडे झाले, दारावर 'लवकरच' अशी पाटी आहे. चार जिने चढले. तीनदा थांबले. वर पोहोचले तेव्हा रागवायला श्वास उरला नव्हता, म्हणून तिथेच दोन मिनिटं त्याच्या पायपुसण्यावर उभी राहून नुसती बघत राहिले. तो जास्त घाबरला.

तुझ्या बापाला सांग, खोलीतलं सामान हलवू नकोस, पाठीत उसण भरेल.

तुझी आत्या

१८ मार्च

आत्या,

सहा?? दिवसाला सहा? मी दोन म्हटलं होतं! काहीही एकदम इतकं खाल्लं तर पोटाचं काय होईल, मूत्रपिंडांचं काय होईल? तुला सगळ्यात टोक गाठायची सवयच आहे. आजपासून दोन. शप्पथ आहे माझी.

पण आनंदही झाला. बाबांना सांगितलं, आत्या खातेय. ते म्हणाले, "ताई? सांगितलेलं ऐकतेय? परत एकदा वाच बरं पत्र." तीनदा वाचून घेतलं.

ऑफिसातल्या बाईंना तुझा निरोप दिला. त्यांना टायरचं लागलं. पण त्यांनी कृती सुधारून दिली आहे. पावडर एकच माप घे, जास्त झाली की रबर होतं. दही अर्धी वाटी, सपाट मोजून, 'ज्यांना अंदाज नसतो त्यांच्यासाठी', असं त्या म्हणाल्या. एक चमचा लोणी. अर्ध्या लिंबाची किसलेली साल. आणि एकशे साठवर आठच मिनिटं. मधोमध जरा मऊ वाटतात तेव्हाच काढायचे, बाहेर आल्यावर आपोआप घट्ट होतात.

खुर्चीतून किती वेळा उठता येतं ते करून बघितलंस का?

तुझी भाची

२४ मार्च

भाचीबाई,

'ज्यांना अंदाज नसतो'! बाई तिखट दिसतात. मला आवडायला लागल्या आहेत. त्यांच्या सासरी कोण कोण आहे?

नवे डोनट उसळत नाहीत. पडले की पडून राहतात, माणसासारखे. वासही बरा येतो लिंबाचा. संपतात, तू काळजी करू नकोस, आणि माझी मूत्रपिंडं अगदी निवांत आहेत, याची मी तुला लेखी हमी देते.

खुर्चीचं विचारू नकोस. मी करून बघणार नाही. ज्या परीक्षेची तारीख ठरली आहे ती आधी घरी देऊन बघणं म्हणजे फसवणूक, असं कॉन्व्हेंटातल्या सिस्टर म्हणायच्या. (खरं सांगू? भीती वाटते. चारच झाले तर पुढचे सत्तावीस दिवस कसे काढायचे?)

इथे मला फुरसत नाही. चौथ्या मजल्यावरची गालिचावाली रोज सकाळी गॅलरीतून गालिचा झटकते आणि तिच्या घरची धूळ माझ्या घरी वस्तीला येते. तिला सकाळी एकदा सांगायला जावं लागतं, आणि सुधारली का ते बघायला संध्याकाळी एकदा. तिसऱ्या मजल्यावर इमारतीच्या व्यवस्थापकाचं ऑफिस. लिफ्टबद्दल त्याला रोज दोनदा विचारते. पहिल्यांदा म्हणाला, "मॅडम, पार्ट मागवलाय." मी म्हटलं, "कुठून? आणि पायी येतोय का?" आणि ट्रॉम्बोन आहेच. म्हणजे सकाळी तिघं, संध्याकाळी तिघं. निवृत्त झाल्यापासून इतकं काम अंगावर पडलं नव्हतं.

पाचव्या मजल्यापर्यंत आता एकदाच थांबते. तेही चौथ्यावर, गालिचावालीशी भांडायला, त्यामुळे ते मोजत नाही.

तुझी आत्या

३० मार्च

आदरणीय मॅडम,

आपली ओळख नाही. मी आपल्या आत्यांच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर राहतो आणि वाद्यवृंदात ट्रॉम्बोन वाजवतो. एअर फ्रायरचं रिकामं खोकं मीच त्यांच्या सांगण्यावरून खाली नेऊन टाकलं. त्यावर आपला पत्ता होता, म्हणून लिहिण्याचं धाडस करतो आहे.

विनंती डोनटबद्दल आहे. आत्या रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक डोनट बशीत घेऊन येतात. दार उघडलं की म्हणतात, "आधी खा." मी तोंडात घातला की त्या माझ्या वाजवण्याबद्दल बोलायला लागतात. तोंड भरलेलं असल्यामुळे मला उत्तर देता येत नाही. डोनट संपेपर्यंत त्यांचं संपतं आणि त्या खाली जातात. चौथ्या मजल्यावरच्या बाई आणि तिसऱ्यावरचे व्यवस्थापक यांचंही असंच चाललं आहे, हे परवा जिन्यात आम्ही तिघे भेटलो तेव्हा कळलं.

सुरुवातीचे फार चिवट होते, पण मी तक्रार केली नाही. आताचे चांगले असतात. अडचण एवढीच की तीन आठवड्यांत माझं वजन वाढलं आहे आणि कार्यक्रमाच्या कोटाची बटणं लागत नाहीत. आपण त्यांना सांगू शकाल का, की भांडण चालेल, पण डोनट एका वेळचा बंद करावा? मी सांगितलं असतं, पण बोलायला मिळत नाही.

कळावे, पाचव्या मजल्यावरचा

ता. क. त्यांनी स्वतः कधी खाल्लेला आम्ही कुणी पाहिला नाही.

३ एप्रिल

आत्या,

तू एकही खाल्ला नाहीस? एकही?

मी बाबांना छातीठोकपणे सांगते आहे, आत्याचं प्रोटीन उत्तम चाललंय. त्यांनी खोली रिकामी करायचं काम थांबवलं माझ्या शब्दावर. आणि तू माझ्या डोळ्यांत धूळ झोकलीस! 'संपले', 'संपतात', 'लेखी हमी'! एका वाक्यात खोटं नाही आणि अख्ख्या पत्रात खरं नाही. हे कॉन्व्हेंटचं शिक्षण?

परीक्षेला सतरा दिवस राहिलेत. सतरा! मी तुला एवढंच विचारते, तुला तुझ्या घरात राहायचं आहे की नाही?

इकडे एक बाई तुझ्यासाठी पुन्हा पुन्हा ते डोनट करून बघत होत्या. त्यांना मी काय तोंड दाखवू?

भाची

८ एप्रिल

भाचीबाई,

आशीर्वाद आधी देते. या पत्रात मला भांडायला तोंड नाही.

खरं काय ते लिहिते. पहिल्या दिवशी ट्रॉम्बोन सुरू झाला तेव्हा ते सहा टेबलावर होते. मी निघाले वर भांडायला. दारापर्यंत गेले आणि सिस्टरांची आठवण झाली. त्या म्हणायच्या, भांडायला रिकाम्या हातानं जाऊ नये. हातात काहीतरी खायचं असावं. समोरच्याचं तोंड बंद राहतं आणि आपलं चालू. शाळेत आम्ही बिस्किटं न्यायचो. म्हणून एक डोनट घेतला. इतकं उत्तम जमलं की बाकीच्यांसाठीही तक्रारी शोधल्या. गालिचा तर मला आधी दिसलाही नव्हता. सहा डोनट, सहा तक्रारी. सातवी सुचली की राखून ठेवायचे, दुसऱ्या दिवशीसाठी.

मी का खाल्ला नाही? दुसऱ्या दिवशी एक बशीत घेऊन बसले होते. काटा, सुरी, रुमाल, सगळं मांडलं. समोर खुर्ची रिकामी. एक्स्चेंजमध्ये आम्ही अकराजणी एका टेबलावर डबे उघडायचो, कुणाचा घास कुणाच्या तोंडात जायचा ते कळायचं नाही. त्या टेबलावर कुणाची लग्नं जमली, कुणाची मोडली. आणि आता मी आणि एक डोनट. उचलून बशी झाकून ठेवली आणि गालिचावालीकडे गेले.

तू विचारलंस, घरात राहायचं आहे की नाही. राहायचं आहे. या घराच्या प्रत्येक खिळ्याला मी ओळखते. मला एकटीला राहायचं आहे, भाची. एकटीनं खायचं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तुझ्या बापाला कसं समजवायचं? तो पहिली ऐकतो आणि म्हणतो, हट्ट. दुसरी ऐकली असती तर म्हणाला असता, मग चल आमच्याकडे. म्हणून मी कुठलीच सांगितली नाही.

त्या बाईंची माफी माग. मनापासून.

तुझी आत्या

ता. क. लिफ्ट दुरुस्त झाली. माझ्यामुळेच. व्यवस्थापकानं स्वतः येऊन सांगितलं, हात जोडून. मी अजून जिन्यानंच जाते. लिफ्टमध्ये नुसतं उभं राहिलं की राग निवतो, आणि वर जाऊन बोलायला काही उरत नाही.

११ एप्रिल

आत्या,

रडवलंस. आता माझं एकच ऐक. दोन डोनट घेऊन वर जा. एक त्याला, एक तुला. भांडण खाऊन झाल्यावर.

नऊ दिवस आहेत. मी बाबांना काही सांगितलेलं नाही.

तुझी भाची

२१ एप्रिल

भाचीबाई,

बापानं तुला फोन केला असेलच, पण त्याला गोष्ट सांगता येत नाही. तो शेवट आधी सांगतो. मी रीतसर सांगते.

तुझं ऐकलं. सात दिवस मी पाचव्या मजल्यावर बसून डोनट खाल्ला. चांगला लागतो! कुणी सांगितलं का नाही मला? ट्रॉम्बोनवाल्याच्या घरी एकच खुर्ची आहे, ती मला, तो पेटीवर. पण सात दिवसांत काय होणार? रविवारी मी कपाटातल्या गोष्टी दोन ढिगांत लावल्या होत्या. नेण्याच्या आणि ठेवण्याच्या. नेण्याचा ढीग इतका लहान झाला की मी तो परत मोडला.

काल चारला तुझा बाप आला, डॉक्टरीणबाई आल्या. आधी वजनकाटा. मागच्या वेळेपेक्षा अर्धा किलो कमी! डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "प्रोटीन घेत होता ना?" मी म्हटलं, "सात दिवस." तुझ्या बापाचा चेहरा उतरला. म्हणाला, "ताई, मग कशाला ती परीक्षा? उगाच दमशील." मी म्हटलं, "खुर्ची ठेव."

तेवढ्यात दारात हे तिघं. ट्रॉम्बोनवाला, गालिचावाली, व्यवस्थापक. तुझ्या बापानं विचारलं, "आपण?" गालिचावाली म्हणाली, "आम्ही? आम्ही यांच्या तक्रारी आहोत." आणि भिंतीशी ओळीत उभे राहिले.

हात छातीशी बांधले. घड्याळ सुरू झालं. एक, दोन, तीन, चार. पाचवं आलं, जिथे मागच्या वेळी खुर्चीनं मला धरलं होतं, आणि भाची, मांडी नुसती उठली. जिन्यावर उठते तशी. तिघंही मोठ्यानं मोजायला लागले. सहा. सात. आठ, इथे श्वास तुटला. गालिचावाली ओरडली, "अहो, माझा गालिचा आठवा!" नऊ. दहा! व्यवस्थापकानं टाळ्या वाजवल्या, तुझा बाप अर्धा उठला.

मी म्हटलं, "सातवं धरू नका. माझा हात टेकला होता."

कुणी बघितलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनीही नाही. घड्याळात दोन सेकंद होते. मग काय, उठले परत.

तुझा बाप नंतर स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ पाणी पीत होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मला समजत नाही. वजन कमी, खाणं सात दिवसांचं, मग हे पाय आले कुठून?" ट्रॉम्बोनवाला म्हणाला, "माझ्या घरी दिवसातून दोनदा येतात." त्यांनी विचारलं, कितवा मजला? मग हसायलाच लागल्या, आणि कागदावर लिहिलं: डोनट स्वतः खाणे. भांडण चालू ठेवणे.

तो कागद मी फ्रेम करणार आहे.

तुझी आत्या

२७ एप्रिल

वन्सं,

नमस्कार. तुम्हाला माझ्या हातचं पत्र गेल्या कित्येक वर्षांत आलं नसेल. लेक म्हणते, आता तूच लिही, मी किती दिवस ऑफिसातली बाई सांभाळू.

तर ती बाई मी. यंत्र मीच घ्यायला लावलं. कृतीही माझीच. तुमची पत्रं मी वाचत होते. टायरच्या कारखान्याचं वाचल्यावर मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही, आणि तिसऱ्या दिवशी मोजायचा कप विकत आणला. तीस वर्षांत पहिल्यांदा. चौदा वेळा केले, तेव्हा ते एकशे साठवर आठ मिनिटांचं जमलं. पहिले सगळे ह्यांनी निमूटपणे खाल्ले, म्हणून कोटाची बटणं त्यांचीही लागत नाहीत. आणि ते सूप सोळा माणसांचं नव्हतं, बाराचं होतं.

तुम्ही म्हणाल, मी इथे येऊ नये म्हणून हिनं हा खटाटोप केला. खरं आहे. तुम्ही आला असता तर आपण महिन्याभरात एकमेकींना चावलो असतो. तुमच्या घरात तुम्ही असाल तरच माझ्या घरात मी. म्हणून तुम्ही पास व्हायला हव्या होतात.

पण एक सांगते, लेकीला सांगू नका. ह्यांनी खोली रिकामी करायला घेतली तेव्हा मीही मशीन हलवलं. पलंग खिडकीशी लावला. तुम्हाला सकाळचं ऊन डोळ्यांवर चालत नाही, म्हणून जाड कापडाचा पडदा शिवला, अस्तर लावून. मागच्या आठवड्यात तुम्ही दहा वेळा उठल्याचा फोन आला, मी पेढे वाटल्यासारखी घरभर फिरले, आणि मग त्या खोलीत गेले. पडदा तसाच आहे. माझ्याकडे कुणी भांडायला येत नाही, वन्सं.

तुमची भावजय

२ मे

भावजयबाई,

बाराचं नव्हतं, सोळाचं होतं. मी मोजले होते.

पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा चष्मा पुसून. मला ओळखू यायला हवं होतं. 'ज्यांना अंदाज नसतो' हे वाक्य जगात दुसरी कुठली बाई लिहील? आणि मी तुझी स्तुती करून बसले, लेखी, तारखेसकट. ती मी मागे घेऊ शकत नाही. सिस्टरांनी तसं शिकवलेलं नाही.

आज सकाळी सहा केले. तुझ्या कृतीत मी एकच बदल केला आहे, अर्ध्या लिंबाऐवजी पूर्ण लिंबाची साल. करून बघ, मग माझ्याशी वाद घाल. ट्रॉम्बोनवाल्याला सांगितलं, पुढचे आठ दिवस डोनट नाही, कोट शिवून घे. तो म्हणाला, "मग सकाळी नऊला मी वाजवू कुणासाठी?" गालिचावालीलाही कळवलं आहे. म्हणाली, तेवढ्यात सगळे गालिचे झटकून घेते.

तुझ्याबद्दलच्या माझ्या तक्रारी तीस वर्षांच्या आहेत. सहा डोनट पुरायचे नाहीत, म्हणून यंत्र सोबत आणते आहे. बुधवारी दुपारी पोहोचेन. आधी खायचं, मग ऐकायचं. तुझ्या तोंडात घास असेपर्यंत मी बोलेन, माझ्या तोंडात असेपर्यंत तू बोल. न्याय म्हणजे न्याय.

परतीचं तिकीट काढलेलं आहे, पुढच्या गुरुवारचं. तोपर्यंत पडदा काढू नकोस.

तुमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, मला आठवतं. जिन्यात मदतीला कुणाला पाठवू नकोस.

तुझी नणंद